अंडाशयातील चॉकलेट सिस्टची शस्त्रक्रिया आणि तरुण मुलींची प्रजननक्षमता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विशी-पंचविशीची मुलगी, सोबत आई, हातात सोनोग्राफीची फाइल आणि त्या अहवालातल्या ‘डाव्या अंडाशयात एंडोमेट्रिओमा’ (म्हणजेच चॉकलेट सिस्ट) या एका ओळीने दोघींचीही उडालेली झोप, असे चित्र मुंबईतल्या कोणत्याही स्त्रीरोग ओपीडीत आठवड्यातून अनेकदा दिसते. आईचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘गाठ कधी काढायची?’ हा असतो. मुलीच्या मनातला प्रश्न मात्र ‘मला पुढे मूल होईल ना?’ हा असतो आणि तो आईसमोर विचारायला ती कचरते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती येथे एकत्र दिली आहेत. एक स्त्रीरोग शल्यचिकित्सक म्हणून माझे जे मत आहे ते जिथे आले आहे, तिथे ते मत म्हणूनच वाचावे आणि अंतिम निर्णय स्वतःच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

चॉकलेट सिस्ट म्हणजे नेमके काय?

एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, म्हणजे ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, कधी आतड्यावर तर कधी अंडाशयावर वाढते. पाळीच्या दिवसांत तिथेही रक्त झिरपते. पण त्याला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ते साचते, घट्ट होते आणि पातळ चॉकलेटसारखे दिसू लागते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली अशा गाठींचे सविस्तर वर्णन केले आणि हे नाव रुळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो. त्यातल्या सर्वांनाच अंडाशयात गाठ होते असे नाही.

या गाठीच्या रचनेतली एक गोष्ट मात्र प्रत्येक रुग्णाने समजून घ्यावी, कारण पुढची सगळी चर्चा तिच्यावर उभी आहे. अंडाशयातल्या इतर अनेक साध्या गाठींना स्वतःचे वेगळे आवरण असते आणि ते पेरूच्या गरातून बी काढावे तसे सुटे करता येते. चॉकलेट सिस्टचे तसे नाही. १९५७ साली ह्यूजेसडन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की, बहुतेक चॉकलेट सिस्टची भिंत म्हणजे अंडाशयाचाच बाहेरचा थर आत दुमडून तयार झालेला खिसा असतो. स्त्रीबीजे साठवलेली असतात ती याच थरात. त्यामुळे भिंत सोलून काढताना तिच्याबरोबर निरोगी अंडाशयाचा पातळ पापुद्रा आणि त्यातली बीजे थोडीफार निघून येतात, हात कितीही कुशल असला तरी.

पाळीत पोट तर सगळ्यांचेच दुखते. मग हे वेगळे कसे ओळखायचे?

पाळीत थोडे दुखणे आणि पाळीमुळे कॉलेज, कार्यालय किंवा परीक्षा चुकणे यांत फरक आहे. दर महिन्याला गोळी घेऊनही अंथरुणाला खिळवणारी कळ, पाळीच्या दिवसांत शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी होणारी वेदना, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणे, पाळी नसतानाही ओटीपोटात राहणारा ठणका, यांपैकी काहीही असेल तर तपासणी करून घ्यावी. या आजाराचे निदान होण्यात जगभर कित्येक वर्षांचा विलंब होतो. आपल्याकडे त्या विलंबात ‘लग्न झाले, मूल झाले की आपोआप थांबेल’ या सल्ल्याचा मोठा वाटा आहे. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून त्रास काही काळ दबतो, आजार जात नाही. शिवाय ज्या आजारामुळे मूल राहण्यातच अडचण येऊ शकते, त्याच्यावर मूल हाच उपाय सांगणे त्या मुलीवर अन्याय करणारे आहे, असे मला मनापासून वाटते.

सोनोग्राफीत गाठ दिसली, म्हणजे निदान पक्के झाले का?

अनुभवी हातांनी केलेल्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट बऱ्यापैकी खात्रीने ओळखता येते. गाठीच्या आतला द्रव घासलेल्या काचेसारखा एकसारखा धूसर दिसतो. तरीही बीज सुटल्यानंतर होणारी रक्तस्रावाची साधी गाठ कधी कधी अगदी तशीच दिसते आणि ती काही आठवड्यांत आपोआप विरते. म्हणून पहिल्याच अहवालावर शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापेक्षा सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करणे शहाणपणाचे असते. अविवाहित मुलीची योनिमार्गाने सोनोग्राफी करायची नसेल, तर पोटावरून किंवा गुदमार्गाने ती करता येते आणि गरज पडल्यास एमआरआयची मदत घेता येते. तपासणी करताना दोन्ही मूत्रपिंडेही बघून घ्यावीत. या आजारामुळे मूत्रवाहिनीवर दाब येऊन मूत्रपिंड निकामी होऊ लागले तरी अनेकदा काहीही दुखत नाही.

सीए-१२५ ही अंडाशयाच्या कर्करोगाच्या तपासात वापरली जाणारी रक्तचाचणी या गाठीच्या निदानासाठी वापरू नये. पाळीत, जंतुसंसर्गात आणि इतर अनेक कारणांनीही तिचा आकडा वाढतो, आणि तो वाढलेला पाहून कुटुंबाच्या मनात कर्करोगाची जी भीती बसते ती नंतर काढणे फार कठीण जाते.

गाठ आहे म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल का?

नाही. गाठ किती सेंटिमीटरची आहे यावर निर्णय होतो असा सर्वसाधारण समज आहे, आणि पूर्वी डॉक्टरही ३-४ सेंमीची एक रेघ धरून चालत. आज विचार अधिक व्यापकपणे होतो: वेदना किती आहे आणि ती औषधांनी आवरते का, गाठ झपाट्याने वाढते आहे का, तिच्यात घन भाग किंवा रक्तपुरवठा दिसतो का, ती एका बाजूला आहे की दोन्ही, आधी कधी शस्त्रक्रिया झाली आहे का, बीजसाठा किती आहे आणि मूल कधी हवे आहे. बावीस वर्षांच्या मुलीची ३ सेंमीची गाठ, औषधांनी आटोक्यात आलेले दुखणे आणि एवढ्यात लग्नाचा विचार नाही, अशा परिस्थितीत औषधे चालू ठेवून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहणे हा पूर्णपणे योग्य उपचार आहे. याउलट औषधे घेऊनही दुखणे थांबत नाही, गाठीचे स्वरूप संशयास्पद आहे, मूत्रवाहिनी किंवा आतडे अडते आहे, किंवा गाठ फुटून अचानक असह्य कळ आली आहे, तर शस्त्रक्रिया टाळण्यात अर्थ नसतो.

किशोरवयीन आणि अगदी तरुण मुलींमध्ये मी विशेष सावध राहते. त्यांच्यापुढे पाळीची पंचवीस-तीस वर्षे उरलेली असतात आणि गाठ पुन्हा होण्याची शक्यता त्यांच्यात जास्त असते. अठराव्या वर्षी एकदा, चोविसाव्या वर्षी पुन्हा आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तिसऱ्यांदा असे अंडाशय उघडत गेल्यास तिशीपर्यंत त्यात फारसे काही उरत नाही. म्हणून पहिली शस्त्रक्रिया योग्य वेळी, अनुभवी हातून आणि शक्यतो एकदाच व्हावी, एवढाच आग्रह मी धरते.

शस्त्रक्रियेमुळे बीजसाठ्याचे नुकसान किती होते?

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि नवी तयार होत नाहीत. हा साठा अंदाजे मोजण्यासाठी एएमएच ही रक्तचाचणी वापरतात. गाठ सोलून काढल्यानंतर एएमएचची पातळी सरासरी एक-तृतीयांशाहून थोडी अधिक घटते असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. दोन्ही बाजूंच्या गाठी काढल्यास घट आणखी मोठी असते. पुढच्या महिन्यांत काही जणींची पातळी थोडी सावरते, काहींची सावरत नाही. दोन्ही अंडाशयांवर एकाच वेळी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २.४ टक्के स्त्रियांची अंडाशये त्यानंतर कायमची निष्क्रिय झाल्याची नोंद एका इटालियन अभ्यासात आहे. टक्केवारी लहान वाटेल, पण ती पंचविशीतल्या मुलीच्या वाट्याला आली तर तिच्यासाठी ती शंभर टक्के असते.

हेही तितकेच खरे की गाठ स्वतःसुद्धा अंडाशयाला त्रास देत असते. आतल्या जुन्या रक्तातील लोह आणि सततचा दाह यांमुळे शेजारची बीजे हळूहळू खर्ची पडतात. त्यामुळे ‘शस्त्रक्रिया नको, काहीच नको’ हा मार्गही बिनधोक नाही. नियमित लक्ष ठेवणे त्यासाठीच महत्त्वाचे आहे.

एएमएच कमी आले म्हणजे मूल होणारच नाही का?

असे अजिबात नाही. एएमएच साठ्याचा अंदाज देते. बीजांचा दर्जा मुख्यतः वयावर अवलंबून असतो आणि नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याची शक्यता एएमएच फारशी सांगू शकत नाही. संप्रेरकांच्या गोळ्या चालू असताना हा आकडा थोडा कमी येतो. दोन अहवाल ताडून पाहताना एककही बघावे, कारण १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे ७ पिकोमोल प्रति लिटर, आणि दोन प्रयोगशाळांची एकके वेगळी असल्यामुळे विनाकारण रडारड झालेली मी पाहिली आहे. अंडाशयावर शस्त्रक्रिया ठरली की त्याआधी एएमएच आणि सोनोग्राफीतील बीजपुटिकांची (बीजे ज्यांत वाढतात त्या छोट्या पिशव्यांची) मोजणी झालेली असलीच पाहिजे. रुग्णाने ती मागावी.

आधी स्त्रीबीजे गोठवावीत की आधी शस्त्रक्रिया करावी?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही.

दोन्ही अंडाशयांत गाठी आहेत, किंवा एका बाजूची शस्त्रक्रिया पूर्वी होऊन गाठ परत आली आहे, किंवा एएमएच वयाच्या मानाने कमी आहे आणि शस्त्रक्रिया तर करावीच लागणार आहे, अशा मुलीशी बीजे गोठवण्याबद्दल शस्त्रक्रियेच्या आधी बोलले गेले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर त्याच अंडाशयातून मिळणाऱ्या बीजांची संख्या घटते, आणि पस्तिशीच्या आत गोठवलेल्या बीजांपासून मूल होण्याची शक्यता नंतर गोठवलेल्या बीजांपेक्षा चांगली असते. युरोपातील प्रजननशास्त्र संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही अंडाशयाचा आजार मोठ्या प्रमाणात असलेल्या स्त्रियांशी या पर्यायाच्या फायद्या-तोट्यांची चर्चा करावी असे म्हटले आहे.

दुसऱ्या बाजूला, एकाच अंडाशयात लहान गाठ, दुसरे अंडाशय निरोगी, साठा उत्तम आणि वय तेवीस, अशा मुलीला घाबरवून बीजे गोठवायला लावणे मला पटत नाही. त्यात खर्च आहे, इंजेक्शने आहेत, मनावर ताण आहे, आणि त्यांतल्या कित्येकींना पुढे ती बीजे कधीच वापरावी लागणार नाहीत. गोठवलेली बीजे म्हणजे मुलाची हमी नव्हे. वितळवताना काही बीजे वाया जातात, काहींचे फलन होत नाही, काही गर्भ रुजत नाहीत.

तीव्र वेदना असेल तर क्रम उलटाही होऊ शकतो. गाठीच्या आड बीजपुटिकांपर्यंत सुई पोचत नसेल, तर आधी मर्यादित शस्त्रक्रिया करून मग बीजे काढावी लागतात. कागदावर दोन्ही मार्ग आखून, प्रत्येकात काय मिळेल आणि काय गमवावे लागेल हे शल्यचिकित्सक आणि वंध्यत्वतज्ज्ञ या दोघांनी एकत्र बसून सांगणे ही आदर्श पद्धत. मुंबईत हे दोघे अनेकदा शहराच्या दोन टोकांना असतात, आणि मग एकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत नेण्याचे काम बिचाऱ्या रुग्णावर पडते. तरीही दोघांनाही एकच फाइल दाखवावी.

बीजे गोठवण्याची प्रक्रिया कशी असते? अविवाहित मुलीला ती करता येते का?

साधारण दहा ते बारा दिवस रोज इंजेक्शने दिली जातात, त्या काळात सोनोग्राफीने बीजांच्या वाढीवर लक्ष ठेवले जाते आणि शेवटी थोड्या वेळाची भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजे काढली जातात. इंजेक्शनांमुळे वाढणारे इस्ट्रोजेन दबावे म्हणून या रुग्णांना अनेकदा लेट्रोझोलची गोळी जोडीला देतात. एका वेळच्या उपचारामुळे आजार भडकतो, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. बीजे काढताना सुई शक्यतो गाठीत जाऊ दिली जात नाही, कारण त्या जुन्या रक्तात जंतुसंसर्ग झाल्यास गळू होऊ शकते.

२०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार ही सेवा २१ ते ५० वयोगटातील स्त्रीला मिळू शकते. तिचे लग्न झालेले असण्याची अट नाही. केंद्राची या कायद्याखाली नोंदणी आहे ना, ते पाहावे आणि साठवणुकीची मुदत व वार्षिक शुल्क लेखी घ्यावे. योनिमार्गाच्या प्रक्रियेबद्दल मुलीच्या किंवा घरच्यांच्या मनात संकोच असेल, तर तो आधीच मोकळेपणी बोलावा. सही मात्र मुलीचीच हवी आणि निर्णयही तिचाच हवा. आईवडिलांनी सोबत असावे, तिच्या जागी उभे राहू नये.

शस्त्रक्रिया नेमकी कशी करतात? चांगली शस्त्रक्रिया कशी ओळखायची?

पूर्ण भूल देऊन बेंबीजवळ एक आणि खाली दोन-तीन लहान छिद्रे घेऊन ती दुर्बिणीने केली जाते. पोट उघडण्याची गरज क्वचितच पडते. चॉकलेट सिस्ट असलेले अंडाशय बहुधा मागे किंवा बाजूच्या भिंतीला चिकटलेले असते आणि त्याच भिंतीतून मूत्रवाहिनी जाते. ते सोडवताना गाठ फुटून आतला द्रव बाहेर येतो, हे अपेक्षितच असते. तो शोषून घेऊन पोट स्वच्छ धुतले जाते.

खरे कौशल्य त्यानंतर लागते. गाठीची भिंत आणि अंडाशय यांच्यामधला थर शोधून, हलक्या ओढीने, घाई न करता ती वेगळी करायची असते. रक्तस्राव कमी राहावा म्हणून काही शल्यचिकित्सक त्या थरात पातळ केलेले व्हॅसोप्रेसिन टोचतात. अंडाशयाला रक्त पुरवणाऱ्या मुळाशी गाठ घट्ट चिकटलेली असेल, तर तिथे ओढाताण न करता तेवढा भाग लेझरने किंवा प्लाझ्मा ऊर्जेने वरवर निष्क्रिय करता येतो. रक्त थांबवण्यासाठी विजेचा चटका अंडाशयावर वारंवार दिला तर आसपासची बीजे भाजून निघतात. म्हणून जिथे शक्य आहे तिथे बारीक टाका घालणे अधिक सुरक्षित असते. अंडाशय काढून टाकण्याची वेळ तरुण मुलीत अगदी अपवादानेच यावी, आणि तशी संमती छापील फॉर्मच्या गर्दीत नकळत दिली जाऊ नये. सही करण्यापूर्वी ते वाक्य वाचा.

आपल्या डॉक्टरांना निःसंकोच विचारा: अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही नियमित करता? रक्त कसे थांबवता? आतड्यावर आजार आढळला तर सोबत कोण असेल? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

नुसती सुई घालून द्रव काढला तर चालणार नाही का?

चालत नाही. भिंत तशीच राहते आणि बहुतेकींमध्ये गाठ काही महिन्यांत पुन्हा भरते. द्रव काढून आत काही वेळ अल्कोहोल सोडण्याची पद्धत वेगळी आहे. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या आणि साठा कमी असलेल्या निवडक रुग्णांत तिचा विचार होतो.

औषधांनी किंवा पथ्याने गाठ विरघळते का?

डायनोजेस्टसारख्या संप्रेरकांच्या गोळ्यांनी वेदना चांगली कमी होते आणि गाठ काही प्रमाणात आकसते, पण ती नाहीशी होत नाही. या गोळ्या चालू असताना बीज सुटणे थांबते, त्यामुळे मूल हवे असताना त्यांचा उपयोग नाही. कोणत्याही आहाराने किंवा काढ्याने चॉकलेट सिस्ट विरघळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर गाठ पुन्हा होईल का?

होऊ शकते. काहीच औषध न घेतल्यास दोन वर्षांत साधारण पाचांपैकी एकीला आणि पाच वर्षांत जवळपास निम्म्या जणींना आजार पुन्हा डोके वर काढतो. म्हणून लगेच मूल नको असलेल्या मुलींना शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकांच्या गोळ्या किंवा कॉपर-टीसारखे गर्भाशयात बसवायचे, पण संप्रेरक असलेले साधन दीर्घकाळ, किमान दीड ते दोन वर्षे, वापरायला सांगतात. ‘ऑपरेशन झाले, आता गोळ्या कशाला?’ असे म्हणून तीन महिन्यांत औषध थांबवणे हे दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे नेणारे सर्वांत सरळ पाऊल आहे.

मूल हवे असल्यास शस्त्रक्रियेनंतर किती थांबावे?

जखम भरली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की थांबू नये. गर्भनलिका उघड्या आहेत की नाहीत हे शस्त्रक्रियेच्या वेळीच निळा रंग सोडून पाहता येते. आजाराचे स्वरूप, नलिकांची अवस्था, वय आणि वंध्यत्वाचा काळ यांवरून ० ते १० गुणांचा एक निर्देशांक काढता येतो. गुण चांगले असतील तर सहा महिने ते वर्षभर नैसर्गिक प्रयत्न करावेत, कमी असतील तर वेळ न दवडता आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बाळ उपचाराचा) सल्ला घ्यावा.

आयव्हीएफ करायचे ठरले, तर आधी गाठ काढावी का?

केवळ आयव्हीएफचे यश वाढावे म्हणून गाठ काढण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. उलट बीजे कमी मिळण्याचा धोका राहतो. वेदना असेल, निदान शंकास्पद असेल किंवा सुई पोचत नसेल, तरच आधी शस्त्रक्रिया करावी. आयव्हीएफ या शब्दाला अजूनही काही घरांत कमीपणा चिकटलेला आहे. याच शहरात, केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आले. आता त्या गोष्टीला जवळजवळ चार दशके होत आली. लाजण्यासारखे यात काहीच उरलेले नाही.

ही गाठ कर्करोगाची होते का?

फार क्वचित. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे १.३ टक्के असते, एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीत ती सुमारे १.८ टक्के असते. या फरकासाठी तरुण मुलीचे अंडाशय काढण्याचे कारण नाही. काढलेली भिंत मात्र तपासणीसाठी पाठवलीच पाहिजे.

खर्च झेपणार नसेल तर मुंबईत कुठे जावे?

केईएम, सायन, नायर ही महापालिकेची रुग्णालये, सरकारी जे. जे. आणि कामा, तसेच परळचे वाडिया प्रसूतिगृह येथे स्त्रीरोग विभाग आहेत. शासकीय योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राच्या खिडकीवर विचारावे. खासगी विमा असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी आणि बीजे गोठवण्याचा खर्च वेगळा धरून चालावे.

घरी किती दिवसांत जाता येते? लोकलने प्रवास कधी सुरू करावा?

बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी जातात. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तो दोन-तीन दिवसांत थांबतो. बसून करायचे काम आठवडा-दहा दिवसांत जमते, पण गर्दीच्या वेळी उभ्याने, कोपरांचे धक्के खात विरार किंवा कल्याण गाठायचे असेल तर आणखी आठवडाभर थांबावे, किंवा गर्दी टळेल अशी वेळ कार्यालयातून मागून घ्यावी. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

डिस्चार्जच्या वेळी कोणते कागद मागून घ्यावेत?

शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल मागावा. त्यात कोणत्या बाजूची गाठ, किती मोठी, ती सोलून काढली की निष्क्रिय केली, रक्त चटक्याने थांबवले की टाक्याने, किती निरोगी अंडाशय उरले, गर्भनलिका उघड्या आहेत का आणि आतड्यावर आजार दिसला का, हे लिहिलेले असावे. भिंतीच्या तपासणीचा अहवाल काही दिवसांनी येतो, तो आणायला जाणे राहून जाते. ती तारीख लिहून ठेवावी. चित्रीकरण झाले असेल तर त्याची प्रत घ्यावी. शस्त्रक्रियेआधीचा एएमएच अहवाल त्याच फाइलमध्ये लावावा आणि तीन ते सहा महिन्यांनी तीच चाचणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करावी. चार-पाच वर्षांनी, कदाचित दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर ही मुलगी मूल हवे म्हणून बसेल तेव्हा तिच्या अंडाशयाचे आत काय झाले होते, हे सांगणारा तेवढाच एक साक्षीदार असेल.